पांढऱ्या पट्टीची खोली

मागच्या अंगणातल्या खोलीला अजून एकही भिंत नव्हती, तरी वहिनी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन तिच्या दारातूनच आत शिरली. दार म्हणजे फरशीवर चिकटवलेल्या पांढऱ्या कापडी पट्टीत सोडलेली तीन फुटांची मोकळी जागा. कपड्यांची दोरी खोलीच्याच हद्दीत, कुंपणाच्या बाजूला. सरळ गेलं तर आठ पावलं, दारातून वळून गेलं तर चौदा. पाच महिन्यांत घरातलं कुणीही सरळ गेलं नव्हतं. अप्पा गेले त्या दिवशी भेटायला आलेली माणसं मात्र पट्टी तुडवत ये-जा करत होती, आणि तेवढ्या गडबडीतही वहिनीला ते खटकलं होतं.

पट्टी अप्पांनीच लावलेली. चाळीस वर्षं नाटकांचे सेट उभे केले त्यांनी. लाकडाला करवत लावण्याआधी अख्खा सेट तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर खऱ्या मापात आखायचा, नटांना त्यातून दोन दिवस चालायला लावायचं आणि कुणी न दिसणाऱ्या भिंतीतून आरपार गेलं की त्याला फैलावर घ्यायचं, ही त्यांची पद्धत. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, शब्द गेले, पद्धत तेवढी राहिली. आता आपल्याला जिना जमणार नाही हे उमगल्यावर त्यांनी चार दिवस खपून, डाव्या हातानं, ही खोली आखली. वहिनी दवाखान्यातली पाळी संपवून यायची आणि त्यांची खुर्ची फूट-फूट पुढे सरकवायची.

डाव्या भिंतीच्या मध्यावर ते थांबले होते. मग पट्टी सरळ न नेता त्यांनी ती बाहेर काढली, अडीच फूट, तिथून तीन फूट पुढे, आणि पुन्हा आत. खोलीला जणू खिसा शिवला.

"अप्पा, हे कशाला?" तिनं विचारलं होतं.

त्यांनी तोंड उघडलं, बराच वेळ शोधाशोध केली आणि म्हणाले, "पाणी."

तिनं पाणी आणून दिलं. त्यांनी ते सगळं पिऊन टाकलं, भांडं तिच्या हातात परत दिलं आणि खांदे हलेपर्यंत हसले. भलताच शब्द आला होता, हे दोघांनाही कळलं होतं. बरोबर कोणता, ते विचारायचं राहून गेलं.

"नर्सबाई," स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला, "कपडे वाळत घालून झाले असतील तर आत या. तुमची नणंद पेन्सिलीला टोक काढून बसलीय. आज कुणाची तरी मान जाणार."

*

धाकट्या बहिणीच्या पेन्सिलीचा दादाला लहानपणापासून धाक होता. शाळेची पुस्तकं छापायला जाण्याआधी तपासायची, हे तिचं काम. नको तो शब्द ती अशी उडवायची की जागा रिकामी झालीय हेही कळू नये. सकाळच्या बसनं ती आली होती, संध्याकाळच्या बसनं परत जाणार होती, आणि ठेकेदाराचा चार पानी हिशेब टेबलावर पसरून बसली होती.

"अठरा लाख चाळीस हजार," ती म्हणाली. "आपल्याकडे चौदा. अप्पांच्या फंडाचे साडेसात, दादाच्या कर्जाचे चार, माझे अडीच."

"एका खोलीचे अठरा लाख," आत्या म्हणाली. "थिएटरच्या खिडकीत बसून तीस वर्षं तिकिटं फाडली मी. एवढा गल्ला एका जागी कधी बघितला नाही."

"खोली आणि न्हाणीघर," दादा म्हणाला. "आणि हे शहर बघ ना, आत्या. इथे ठेकेदार नुसता टेप उघडतो तरी मीटर पडतो."

"मग माझं काय वाईट आहे? माझा फ्लॅट तळमजल्याला आहे. दोन खोल्या, एकटी भुतासारखी राहते." आत्या आईकडे वळली. "काय गं प्रॉम्प्टर, येतेस ना? मी बोलेन, तू ऐक. तुला सवय आहे."

आई हसली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही वीसेक वर्षं ती त्याच थिएटरात विंगेत बसून, मांडीवर संहिता घेऊन, अडलेल्या नटांना शब्द पुरवायची. आत्यानं तिला दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नव्हती.

"वन्सं, आठ दिवस मजेत जातील," ती म्हणाली. "नवव्या दिवशी तुम्हीच माझी पिशवी भराल."

"भरेन की. पण आठ दिवस तरी तुला वरखाली करावं लागणार नाही. तुझा मुलगा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो, लोकांच्या आयांना वर पोचवतो. आणि स्वतःच्या आईला सतरा पायऱ्या."

दादानं चहाचा कप फिरवला. घरातलं एकुलतं एक न्हाणीघर, संडासासकट, वरच्या मजल्यावर होतं. आईच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली होती. ती सकाळी एकदा खाली उतरायची आणि एकदम झोपायला वर जायची. मधे काय करते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बायकोनंच सांगितलं: "अहो, आई दिवसभर पाणीच पीत नाहीत. वर जायला लागू नये म्हणून." त्या दिवशी तो एका अठरा मजली इमारतीत, लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करत होता.

"ठेकेदाराला पाच वाजेपर्यंत सांगायचंय," तो म्हणाला. "आज हो म्हटलं तर उद्या माणसं लावतो. नाही म्हटलं तर त्यांना दुसरीकडे सात महिन्यांचं काम आहे."

"आणि सात महिने मग तुमची आई माझ्याकडे," आत्या म्हणाली. "सात म्हणजे सातच का, ते बघू."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पण सात महिन्यांसाठी गेलेलं माणूस या घरात परत येईल का, हे टेबलाभोवतीच्या कुणालाच नक्की सांगता आलं नसतं. आई आपल्या रिकाम्या कपाकडे बघत होती. अर्धाच कप चहा ओतून घेतला होता तिनं.

"चला बाहेर," धाकटी उठली. "कागदावर काही कळत नाही. अप्पांसारखं करू. चालून बघू."

*

दोन बाकं जोडून त्यांनी पलंग केला. आईची खुर्ची दाराशी. न्हाणीघराच्या चौकोनात दादा स्वतः उभा राहिला आणि आईचा वॉकर घेऊन फिरून दाखवला.

"दोन फूट लांबी कमी केली तर?" धाकटीनं विचारलं.

"तर वॉकर वळत नाही." त्यानं वळवून दाखवला, पाय पट्टीवर पडला, आणि तो पटकन मागे सरला. "बघितलंस? भिंत लागते."

आत्याला हसू आलं. मग नाही आलं.

"बरं. लांबी राहू दे. सरकतं काचेचं दार?"

"साधं दार आणि एक खिडकी," वहिनी म्हणाली. "काच कोण पुसणार आहे?"

"नव्वद हजार वाचले. स्लॅबऐवजी पत्रा?"

"पावसात झोप लागेल का त्याखाली?" दादा म्हणाला.

"नाटकातला पाऊस पत्र्यावरच पडायचा," आई म्हणाली. "विंगेत दोन पोरं पत्रा हलवत उभी असायची. मला त्याच्यात डुलकी लागायची. घाला पत्रा."

"दीड लाख. भारी फरशी आणि भिंतीतलं कपाट उडवलं, चाळीस. रंग?"

"रंग आम्ही देऊ," वहिनी म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण?" दादानं विचारलं.

"तुम्ही."

"चाळीस." धाकटी बेरीज करत होती. प्रत्येक आकड्यावर ती आधी आईकडे बघायची, मग रेघ मारायची. "तीन लाख वीस झाले. अजून एक वीस हवेत." तिनं पान उलटलं, आणि डाव्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. "आणि हा बघा. 'कोनाडा, डावी बाजू: एक लाख वीस हजार.'"

"तेवढ्याशा जागेला?" आत्या म्हणाली.

"चार कोपरे जास्त, पाया वळवायचा, आणि नेमकी खालून सांडपाण्याची नळी जाते, ती सरकवायची." ती ठेकेदाराचं अक्षर वाचत होती. "नुसती भिंत सरळ केली की बरोबर चौदात बसतं. दमडी इकडे नाही, तिकडे नाही."

"अप्पांनी मुद्दाम काढलाय तो," वहिनी म्हणाली. "चार दिवसांतला अर्धा दिवस एवढ्यालाच गेला. मी होते ना."

"कशासाठी पण? तुला तरी माहितीय का, वहिनी?"

"नाही."

"मला वाटायचं ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवायला," दादा म्हणाला. "पण तेव्हा सिलिंडर कुठे होतं? काढू या, छोटे. जागाच आहे नुसती."

"काढा म्हणे. माझ्या भावानं आयुष्यात एक फळी उगाच ठोकली नाही," आत्या म्हणाली. सकाळपासून खोलीच नको म्हणणारी आत्या आता वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. "दुसरं काहीतरी उडव."

"दुसरं काही उरलं नाही, आत्या. आता न्हाणीघर उडवू का?"

"आवाज चढवू नकोस. मी तिकीटखिडकीवरची आहे, माझा जास्त चढतो."

आई खुर्चीतून उठली. दादा पुढे झाला, तर तिनं त्याला हातानंच थांबवलं. कपडे धुवायचं बुटकं स्टूल नळाशी पडलं होतं, ते तिनं पायानं ढकलत ढकलत डाव्या भिंतीशी नेलं आणि त्या पट्टीच्या खिशात ठेवून, भिंतीचा आधार घ्यावा तसा हात हवेत धरत, खाली बसली.

"पलंग तुम्ही उलटा मांडलाय," ती म्हणाली. "ह्यांच्या आखणीत उशी या टोकाला होती."

दादानं आणि धाकटीनं बाकं फिरवली.

"आता निजा कुणीतरी."

दादा आडवा झाला. छताच्या जागी ऊन उतरलेलं आभाळ होतं. मान जराशी वळवली आणि त्याला आईचा चेहरा दिसला, हातभर अंतरावर, समोरासमोर.

"वन्सं, तुम्ही दाराशी जा. भेटायला आलात असं समजा. मी दिसते?"

आत्या पट्टीच्या दारात जाऊन उभी राहिली. मधली भिंत नव्हतीच, तरी तिनं ती मनानं उभी केली. सगळं आयुष्य त्या धंद्यात गेलं होतं. "नाही," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "नाही दिसत. तो तेवढा दिसतो."

"प्रत्येक सेटमध्ये असायचा हा," आई म्हणाली. "खांबामागे, कपाटाच्या पाठीमागे, एकदा तर तुळशी... नाही, विहिरीच्या आडोशाला. नटाचा चेहरा मला दिसला पाहिजे आणि मी प्रेक्षकांना दिसता कामा नये. दिग्दर्शक भांडायचे, की जागा खातो म्हणून. हे म्हणायचे, तिला बसायला नीट जागा नसेल तर मी सेटच करत नाही." तिनं पदराच्या टोकानं स्टुलावरचं साबणाचं पाणी पुसलं. "ही खोली ह्यांनी स्वतःसाठी आखली होती. माणसं भेटायला येणार, बोलणार, आणि आपण अडणार. तेव्हा मी इथे."

*

धाकटीनं पेन्सिल खिशात ठेवली. मग पुन्हा बाहेर काढली, कारण हात रिकामे ठेवता येईनात.

शेवटच्या वर्षात ती दर रविवारी अकरा वाजता फोन करायची. अप्पा बोलायचे. एक वाक्य, मग थांबणं, आणि त्या थांबण्यात मागून आईची कुजबुज. "पुस्तक." "पाऊस." "बरं आहे." मग अप्पांचं पुढचं वाक्य, त्याच शब्दानं सुरू झालेलं. तिला राग यायचा. एका रविवारी ती म्हणालीही होती, "आई, त्यांना बोलू दे ना जरा. सारखी मधे मधे कशाला?" त्या दिवशी फोन लवकर संपला होता. पुढे असे रविवार पाचच उरले होते. तेव्हा ते मोजायचे असतात हे तिला माहीत नव्हतं.

ती स्टुलाशेजारी खाली फरशीवर बसली.

"फोनवरही तू हेच करायचीस."

"हो."

"मला वाटायचं, तू त्यांना वेळ देत नाहीस."

"वेळच तर द्यायचा असतो गं." आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "गप्प झालेला प्रत्येक नट विसरलेला नसतो. कधी ती त्याची स्वतःची जागा असते, तिथे तोंड घातलं तर तो दुसऱ्या दिवशी बोलत नाही. श्वासाकडे बघायचं. आत घेतला आणि बाहेर सोडला नाही, म्हणजे अडला. तेव्हा एकच शब्द द्यायचा, पहिला. पुढचं त्याचं त्याला येतं."

"मी रागावले होते एकदा."

"एकदा कसली, दोनदा." आई हसली. "ते हसायचे. आणि तुला सांगू का, हाक मारताना तुझं नाव मला कधी पुरवावं लागलं नाही. माझं लागायचं. तुझं नाही."

धाकटीनं मान खाली घातली आणि बराच वेळ पट्टीच्या एका सुटलेल्या कडेला बोटानं दाबत राहिली.

बाकावरून दादा उठून बसला. "कोनाडा राहील," तो म्हणाला. "मी रविवारच्या पाळ्या घेतो. वर्षात एक वीस निघतील."

"वर्ष कशाला?" आत्यानं पर्स उघडली होती. "उद्या बँकेत चल माझ्याबरोबर. तिकिटांचे पैसे नाटकाच्याच माणसाला. आणि परत द्यायची भाषा केलीस तर तुझ्या घरी पाय ठेवणार नाही."

"मी फरशी घालायला शिकते," वहिनी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "काय झालं? लोक शिकतात."

"नको," आई म्हणाली.

"आई, पैशाचं तू..." दादा म्हणू लागला.

"पैशाचं नाही. तुमचे कुणाचेच पैसे मला जड नाहीत." ती हळूहळू, एकेक शब्द नीट ठेवत बोलत होती. "पण ज्याला शब्द द्यायचा, ते माणूस आता राहिलं नाही. रिकाम्या स्टेजच्या विंगेत बसून मी करू काय? मी इथे रोज येऊन बसेन, तुम्ही मला बसलेली बघाल, आणि सगळे हळू आवाजात बोलायला लागाल. असलं घर मला नको." ती थांबली. "त्यापेक्षा तू रविवारी घरी राहा. वन्सं, तुम्ही दातांचं काय ते करून घ्या, वर्षभर ऐकतेय. मला खाली न्हाणीघर हवंय. मला पोटभर पाणी प्यायचंय."

वहिनीनं तोंड फिरवून दोरीवरचे कपडे चाचपले. सकाळचेच घातलेले, कधीच वाळले होते.

"ही पट्टी कोण काढतंय?" आईनं विचारलं. कुणी हललं नाही. "ठीक आहे. मला उठवा."

दादानं तिला उठवलं. तिनं वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं नकार दिला, तेव्हा धाकटीनं पट्टीचं टोक सोडवून तिच्या हातात दिलं. आईनं ओढलं. पाच महिन्यांच्या उन्हात डिंक कडक झाला होता, पट्टी कुरकुरत, तुकड्यातुकड्यानं सुटली. खालची फरशी आजूबाजूपेक्षा उजळ राहिली होती. अडीच फूट, तीन फूट, अडीच फूट.

"अप्पांच्या पेटीत नवी गुंडाळी आहे," वहिनी म्हणाली आणि घेऊन आली. धाकटीनं गुडघ्यांवर बसून डावी भिंत सरळ केली. दादानं दुसरं टोक धरलं. रेघ जरा वाकडी आली. आत्यानं ती दोनदा काढायला लावली.

*

पाचाला दहा मिनिटं होती. दादानं ठेकेदाराचा नंबर लावला, तेवढ्यात आईनं हात पुढे केला.

"माझी खोली आहे. मी सांगते."

ती पट्टीच्या दारात, वॉकर धरून उभी होती. कागद धाकटीच्या हातात होता, पण तो बघायची तिला गरज नव्हती. ज्या बाईनं तीन-तीन अंक पाठ केले, तिला चार ओळींचं काय. "नमस्कार. हो, मीच. लिहून घ्या. सरकतं दार नको, साधं दार आणि एक खिडकी. वर स्लॅब नको, पत्रा. फरशी साधी. भिंतीतलं कपाट नको. रंग आमचा आम्ही बघू." आवाज स्वच्छ, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. "न्हाणीघर आहे तसंच, एक इंचही कमी नाही. आणि डावी भिंत सरळ घ्यायची. तो..."

ती थांबली.

फोनमधून ठेकेदाराचा आवाज आला. "हॅलो? ताई?"

आई समोर बघत होती, फरशीवरच्या त्या तीन उजळ रेघांकडे. दादा फोन घ्यायला पुढे झाला. धाकटीनं त्याचं मनगट धरलं आणि मान हलवली. आत्यानं काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

धाकटी बघत राहिली. आईचा खांदा वर गेला. श्वास आत गेला होता. बाहेर आला नाही.

ती जवळ सरकली, आईच्या कानाशी, फोनमध्ये जाणार नाही इतक्या हळू.

"कोनाडा."

"कोनाडा नको," आई म्हणाली. "बाकी सगळं लिहिल्याप्रमाणे. उद्या सकाळी या."